टेपखाली जे आहे तेच

समुद्र नाशिकपासून लांब. आपली गोदावरीसुद्धा त्र्यंबकेश्वरहून निघून थेट पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जाते. त्यामुळे लक्षद्वीपच्या प्रवाळांच्या पाहणीचा सराव मी तरणतलावातच केला. तळाशी टेप, तिच्याखाली लॅमिनेट केलेले प्रवाळांचे फोटो, हातात पाण्यात लिहिता येणारी पाटी. महिनाभर रोज सकाळी हेच.

पोलिसांचा दाखला, प्रवेशपरवाना, कोचीहून अगत्तीचं विमान हे सगळं रीतसर पार पडलं.

५० मीटरची टेप एकाच खोलीवर अंथरायची आणि दर ५० सेंटिमीटरला तिच्या बरोबर खाली काय आहे ते लिहायचं: कठीण प्रवाळ, मृदू प्रवाळ, शेवाळ चढलेला मेलेला प्रवाळ, तुकडे, वाळू. एकूण १०० नोंदी, म्हणजे जिवंत प्रवाळाच्या जितक्या नोंदी तितके टक्के. सोबत प्रकारही लिहायचा. फांद्याफांद्यांचा अ‍ॅक्रोपोरा, मोठ्या गोट्यासारखा पोराइट्स.

पहिल्याच बुडीत माझं चुकलं. खुणेखाली नुसते तुकडे होते, पण वीतभर बाजूला मेजासारखा पसरलेला सुंदर अ‍ॅक्रोपोरा होता. मी तोच लिहिला. असं दोनदा झालं. होडीत जोडीदाराच्या पाटीशी ताळा जमेना, तेव्हा सरांनी विचारलं, "टेपखाली काय होतं?" मी सांगितलं. "मग तेच लिहा. शेजारचा कितीही आवडला तरी." पाटी पुसून आम्ही पुन्हा उतरलो. आकडा कमी आला, पण खरा आला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पांढऱ्या प्रवाळांपाशी. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो. रंग त्या शैवालाचा आणि बहुतेक अन्नही त्याचंच. मग पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. असा प्रवाळ उपाशी असतो, पण जिवंत असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येऊ शकतं. त्याला मेलेल्यांत मोजलं तर अख्खी नोंद खोटी ठरते. म्हणून हात न लावता, अगदी जवळ जाऊन मांस आहे का ते पाहायचं.

एका खुणेखाली तसा एक पोसिलोपोरा जातीचा प्रवाळ होता. बारीक तंतू हलताना दिसले. 'पांढरा, जिवंत' असं लिहिताना मला फार बरं वाटलं.

नाशिकला परतल्यावर नोंदी वहीत उतरवल्या, टेपच्या दोन्ही टोकांचं जीपीएस लिहिलं आणि त्या खुणेभोवती गोल केला. पुढच्या वेळी तिथे जो टेप अंथरेल, त्याने आधी त्याच्याकडे पाहावं.