तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्यांचा तो देश खरंच आदर्श होता का?

गलिव्हरच्या सफरींबद्दल कुठेही बोलले की शेवटी कुणीतरी विचारतंच: चौथ्या सफरीतला घोड्यांचा देश लेखक जोनाथन स्विफ्टला मनापासून आदर्श वाटत होता, की तीही थट्टाच? विचारणाऱ्यांनी बहुतेक लहानपणी लिलिपुटचे बोटभर लोक आणि नंतरचे अवाढव्य लोक वाचलेले असतात. मुलांसाठीच्या बऱ्याच आवृत्त्या तिथेच संपतात. त्यामुळे चौथा भाग मोठेपणी भेटतो आणि माणूस गोंधळून जातो.

माझं उत्तर असं आहे. स्विफ्टने तो देश आकर्षक रंगवला आहे, आणि मुद्दाम. पण वाचताना नजर देशावर न ठेवता प्रवाशावर ठेवावी. हे सुंदर राज्य बघून गलिव्हरचं काय झालं, यात सगळं आहे.

आधी थोडक्यात कथा. १७१० साली गलिव्हर कप्तान होऊन निघतो, खलाशी बंड करतात आणि त्याला एका अनोळखी किनाऱ्यावर सोडून देतात. तिथे राज्य घोड्यांचं आहे. ते बोलतात, विचार करतात, घरं बांधतात. त्याच भूमीवर माणसासारखे दिसणारे, केसाळ, हावरट, घाणेरडे प्राणी आहेत, त्यांचं नाव याहू. घोड्यांच्या भाषेत खोटेपणाला शब्दच नाही. फार तर 'जे नाही ते सांगणं' असं म्हणावं लागतं. गलिव्हरचा मालक, एक करडा घोडा, त्याला त्याच्या देशाबद्दल विचारतो. मग येतात ती प्रकरणं मला या पुस्तकातली सगळ्यात ताकदीची वाटतात. तुमच्याकडे युद्धं कशावरून होतात, या प्रश्नावर गलिव्हर सांगतो: मांस म्हणजे भाकरी की भाकरी म्हणजे मांस, एका फळाचा रस म्हणजे रक्त की मद्य, अंगरख्याचा रंग कुठला चांगला, अशा मतभेदांवरून लाखो माणसं मेली. युरोपातल्या धर्मयुद्धांचा आख्खा इतिहास एका उत्तरात येतो. आवाज कुठे चढत नाही. समोर घोडा आहे, त्याला काहीच ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, आणि पहिल्यापासून सांगायला लागलं की ती टिकत नाही.

यासाठी तो देश स्विफ्टला हवाच होता. आदर्शाशिवाय तुलना कशाशी करायची? म्हणून 'हे सगळं थट्टा आहे' असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. खोटं न बोलणारा समाज त्याला हास्यास्पद वाटत होता, असं मानायला पुस्तकात आधार नाही.

पण आता त्याच देशात जरा मुक्काम करा. घोड्यांमध्ये पांढरे, तांबूस आणि गडद राखी रंगाचे जन्मतःच कमी कुवतीचे मानले जातात आणि आयुष्यभर चाकरी करतात. कुमेत, ठिपकेदार करडे आणि काळे हे मालक. लग्नंही रंग बघून ठरतात, म्हणजे वाण बिघडू नये. आपल्याकडच्या वाचकाला इथे थांबावंच लागतं. जन्मावरून काम आणि जन्मावरून लग्न, ही व्यवस्था किती शांतपणे 'विवेकी' म्हणवून घेऊ शकते हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिलं आहे. एक घोडी भेटीला उशिरा येते, कारण त्याच सकाळी तिचा नवरा वारला. आणि मग ती इतरांसारखीच प्रसन्नपणे वागते. दर चार वर्षांनी वसंतसंपाताला सगळ्या देशाची सभा भरते. तिथे वाद होतो तो एकाच विषयावर: याहूंना पृथ्वीवरून नाहीसं करावं की नाही. गलिव्हरचा मालक त्यावर एक सौम्य उपाय सुचवतो. माणसं घोड्यांचं खच्चीकरण करतात असं त्याने गलिव्हरकडून ऐकलं होतं. तेच याहूंचं करावं, म्हणजे वंश आपोआप संपेल. सभेत कुणी चिडत नाही, कुणाचा आवाज वाढत नाही.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली या देशाबद्दल लिहिलं की हे एकाधिकारशाहीचं पराकोटीचं रूप आहे, जिथे सगळे इतके एकसारखे झालेत की पोलिसांचीही गरज उरली नाही. हे त्याने अचूक पाहिलं. मात्र स्विफ्टला ते दिसलं नव्हतं असं त्याला वाटलं, तिथे मी त्याच्याबरोबर जात नाही. कारण पुढे होडी येते.

सभा ठरवते की माणसासारखा दिसणारा हा प्राणी घरात ठेवणं बरं नाही, त्याने परत जावं. गलिव्हर होडी बांधतो. ती तो याहूंच्या कातड्याने मढवतो. शिडासाठीही तेच कातडं, आणि तेही मिळतील तितक्या लहान वयाच्या याहूंचं, कारण मोठ्यांचं फार जाड असतं. फटी बुजवायला त्यांचीच चरबी. हे सगळं तो ज्या स्वरात सांगतो, त्याच स्वरात त्याने आधी फळ्यांची नि दोरांची मापं सांगितली आहेत. याहू आपल्याच जातीचे आहेत हे त्याला आता पटलेलं आहे. तरी हात थांबत नाही. निघताना तो मालकाच्या खुराचं चुंबन घेतो आणि मालकाने खूर उचलून तोंडाशी आणला याचा त्याला अभिमान वाटतो. किनाऱ्यावरून 'जपून जा, भल्या याहू' असं ओरडणारा एकटाच आहे, तो तांबूस चाकर घोडा. त्या अख्ख्या देशातला जिव्हाळ्याचा एकमेव शब्द खालच्या मानलेल्या रंगाच्या तोंडी आहे. हे योगायोगाने आलं असेल असं मला वाटत नाही.

काल्पनिक राज्याला प्रवासवर्णनाचा वेष चढवण्याची युक्ती स्विफ्टची नाही. इंग्रज विचारवंत थॉमस मोरचं 'युटोपिया' हे पुस्तक १५१६ साली लूव्हेनला छापलं गेलं. त्यातला राफेल नावाचा प्रवासी दर्यावर्दी वेस्पुचीबरोबर गेलेला, आणि घरी परतताना त्याला पोर्तुगीज जहाजं सापडतात ती कालिकतला. मोरच्या बेटावर सोन्याची शौचपात्रं आणि गुलामांच्या बेड्या करतात. सोन्याने मढून आलेले परदेशी राजदूत बघून तिथली मुलं हसतात. स्विफ्टला मोरबद्दल एवढा आदर होता की तिसऱ्या सफरीत मेलेल्यांना बोलावणाऱ्या जादूगारांच्या बेटावर तो ज्या सहा थोरांना एकत्र बसवतो, त्यात ब्रुटस आणि सॉक्रेटिसबरोबर मोर आहे. प्राचीन काळाबाहेरचा तो एकटाच. मात्र मोरचा प्रवासी राज्य बघून शहाणा होऊन परततो. स्विफ्टने विचारलं, आणि नाही झाला तर?

खरेपणाची बतावणीही स्विफ्टने फार निगुतीने केली. पुस्तक २८ ऑक्टोबर १७२६ ला लंडनमध्ये निघालं तेव्हा मुखपृष्ठावर त्याचं नावच नव्हतं. लेखक म्हणून होता लेम्युएल गलिव्हर, आधी शस्त्रवैद्य, मग कप्तान. तारखा, वारे, अक्षांश सगळं जागच्या जागी. दुसऱ्या सफरीचं जहाज सुरतेला निघालेलं आहे, तिसऱ्या सफरीत तो मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर मुक्काम करतो. लंडनच्या वाचकाला ही नावं व्यापाराच्या वह्यांतून ठाऊक होती. त्या ओळखीच्या वाटेवरून त्याला नकळत अनोळखी ठिकाणी नेलं की तो सावध राहत नाही. आणि शेवटच्या प्रकरणात त्याच व्यापाराचं, त्याच जहाजांचं खरं रूप समोर येतं. वादळाने भरकटलेले चाचे एका बेटावर उतरतात, निरुपद्रवी लोक त्यांचं स्वागत करतात, हे त्या देशाला नवं नाव देतात, राजाच्या नावाने एक कुजकी फळी रोवतात, दोन-तीन डझन माणसं मारतात, दोघांना नमुना म्हणून पळवून आणतात आणि मायदेशी माफी मिळवतात. यालाच वसाहत म्हणतात, असं पुस्तक सांगतं. १७२६ साली, इंग्रजांच्या सत्तेखालच्या डब्लिनमध्ये राहणाऱ्या धर्मगुरूने हे लिहिलं. याबद्दल मी त्याच्यापुढे नतमस्तक आहे.

पुस्तक निघायच्या आदल्या वर्षी स्विफ्टने कवी पोपला पत्र लिहिलं होतं. राष्ट्रं, व्यवसाय, समुदाय यांचा मी तिरस्कार करतो, माझं प्रेम एकेका माणसावर आहे, असा त्याचा आशय. माणूस हा विवेकी प्राणी ही व्याख्या चुकीची आहे, तो विवेक करू *शकणारा* प्राणी आहे, असंही त्यात आहे. हे वाचलं की शेवटच्या भागातला पोर्तुगीज कप्तान डॉन पेद्रो द मेंदेझ नीट कळतो. घोड्यासारखं खिंकाळत बोलणाऱ्या, समुद्रात उडी मारू पाहणाऱ्या या वेड्याला तो पैसे न घेता लिस्बनला नेतो, आपला चांगला पोशाख देऊ करतो, घरात ठेवतो, समजूत काढून इंग्लंडला पाठवतो, निघताना वीस पौंड उसने देतो आणि मिठी मारतो. गलिव्हर म्हणतो, ती मिठी मी कशीबशी सोसली. अशा माणसाला त्याने काय मानलं? थोडाफार विवेक असलेला प्राणी. घरी बायकोने मिठी मारल्यावर तो तासभर बेशुद्ध पडतो, आणि मग दोन घोडे विकत घेऊन रोज चार तास त्यांच्याशी बोलत बसतो.

तेव्हा तुम्ही पुस्तक पुन्हा उघडणार असाल, तर चौथ्या भागातलं दहावं आणि अकरावं प्रकरण मध्ये न थांबता एका बैठकीत वाचा. दहाव्यात होडी आहे, अकराव्यात डॉन पेद्रो.