१२ पॉवर्ड स्पीकर आणि मैदानावरची वीज: माझा अनुभव

पॉवर्ड स्पीकरच्या (ज्याचा अँप्लिफायर आतच असतो) खोक्यावर '२००० वॅट' लिहिलेलं असतं. असे १२ स्पीकर म्हटलं की मंडळाची माणसं सरळ २४ किलोवॅटचा हिशोब मांडतात आणि मोठा जनरेटर शोधायला लागतात. तो आकडा पीकचा असतो, क्षणभराचा. मी स्पीकरच्या मागची पाटी वाचतो. मेन्सच्या सॉकेटजवळ बारीक अक्षरात अँपिअर छापलेले असतात, आणि वायर, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), जनरेटर हे सगळं त्या आकड्यावर ठरतं.

दसरा चौकासारख्या मोकळ्या मैदानासाठी माझा ठरलेला संच म्हणजे ८ टॉप (वरचा आवाज देणारे) आणि ४ बेस (खालचा, दणक्याचा आवाज देणारे). टॉपच्या पाटीवर २.५ अँपिअर, बेसच्या पाटीवर ४. एकूण झाले ३६ अँपिअर, म्हणजे साधारण ८.३ केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारात). थ्री फेजवर वाटणी अशी करतो: आर फेजवर डावीकडचे ४ टॉप आणि मिक्सरची स्वतंत्र लाईन, वाय फेजवर उजवीकडचे ४ टॉप, बी फेजवर चारही बेस. एका लाईनवर दोनच स्पीकर, प्रत्येक लाईनला १६ अँपिअरचा सी टाईप एमसीबी. बी टाईप घालत नाही. स्पीकर चालू होताना आतले कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि तेवढ्यात तो पडतो.

कनेक्शन महावितरणचं तात्पुरतं, आणि थ्री फेजच मागायचं. परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट आणि अनामत लागते, त्यामुळे हे काम मंडळानं आधीच उरकलेलं बरं. डेकोरेशनची लाईट आणि एलईडी वॉल माझ्या डीबीवर (डिस्ट्रिब्युशन बोर्डवर) घेत नाही.

वायरीवर मात्र मी कुणाचं ऐकत नाही. डीबीपासून स्टॅक (स्पीकरची रास) ४० मीटर असेल, तर जाऊन-येऊन तांब्याची ८० मीटर लांबी होते. २.५ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर) तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, म्हणजे इथे ०.६ ओहम. दोन बेसच्या ८ अँपिअरला वाटेत ५ व्होल्टही पडत नाहीत. पण ढोलाच्या ठोक्याला क्षणभर २० अँपिअर गेले की १२ व्होल्ट पडतात. तीच वायर १.५ स्क्वेअरची असेल तर १९ व्होल्ट. संध्याकाळी डीबीवरच २१५ मिळत असतील, तर बेसपाशी १९६ उरतात. स्पीकरच्या आतला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) व्होल्टेज कमी झालं की जास्त करंट ओढतो, त्यानं वायर आणखी तापते. काही स्पीकर तेवढ्यावरही चालतात. काहींचा बेस दबतो, नाहीतर प्रोटेक्शनचा लाल दिवा लागतो. मंडळी अशा वेळी स्पीकरला दोष देतात. उरलेली वायर ड्रमवर गुंडाळलेली ठेवू नका, सगळी सोडा. गुंडाळीतली वायर आतल्या आत तापते.

आता न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार. मांडवातला वायरमन सांगतो, "बल्ब लागलाय म्हंजे न्यूट्रल हाय की!" बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, तेवढं तर सैल स्क्रूतूनही जातं. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढतं आणि त्या फेजवरचे एसएमपीएस एका झटक्यात जातात. म्हणून स्पीकर लावण्याआधी एक चाचणी करतो. तिन्ही फेज ते न्यूट्रल मोजून ठेवायचे. मग १००० वॅटचा हॅलोजन फक्त आर फेजवर लावायचा आणि पुन्हा तिन्ही मोजायचे. आर एक-दोन व्होल्ट उतरला आणि बाकीचे दोन जागचे हलले नाहीत, तर ठीक. आर उतरताना वाय आणि बी वर सरकले, तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे. बहुतेक वेळा ते मेन स्विचमध्ये नुसती पिळून खुपसलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. ती कापून, लग क्रिंप करून, बोल्टखाली घट्ट बसवायची. मग हॅलोजन वाय आणि बी फेजवर लावून तेच बघायचं.

फेजवरचा लोड समतोल असला तरी न्यूट्रल रिकामा नसतो. पॉवर फॅक्टर करेक्शन नसलेल्या स्पीकरांचे तिसरे हार्मोनिक (मेन्सच्या तिप्पट वारंवारतेचे करंट) न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिळतात. म्हणून न्यूट्रल फेजइतकाच जाड घेतो, अर्ध्या मापाचा कधीच नाही. साऊंडचेकमध्ये त्यावर क्लॅम्प मीटर लावून बघतो.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) प्रत्येक लाईनला वेगळा. प्रत्येक स्पीकरच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे जातच असतो. तो १.५ मिलिअँपिअर धरला तर एकाच आरसीसीबीवर बारांचे १८ होतात, आणि आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. मग कुणीतरी तो बायपास करतो. गणपतीत चिखलात अनवाणी माणसं उभी असतात, तिथे हे अजिबात चालणार नाही. हम (स्पीकरमधली घूं) आला म्हणून प्लगची अर्थ पिनही काढायची नाही. हम सिग्नलच्या वाटेवर शोधायचा: बॅलन्स्ड एक्सएलआर केबल वापरायची, लॅपटॉपला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारा डबा) लावायचा, मिक्सर त्याच डीबीवरून घ्यायचा.

ठोक्यांच्या क्षणभराच्या ओढीला जागा ठेवूनही जनरेटर २५ केव्हीएचा पुरतो, फेजला सुमारे ३५ अँपिअर मिळतात. त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला आहे का, हे स्वतः बघायचं; नसेल तर फेज बॉडीला लागली तरी आरसीसीबी पडत नाही. चेंजओव्हर (मेन्सवरून जनरेटरवर नेणारा स्विच) चार पोलचा घ्यायचा.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी स्पीकर, एकेक लाईन काही सेकंदांच्या अंतरानं. बंद करताना उलट. आणि जुना निळा पॉवरकॉन (स्पीकरचा मेन्स प्लग) चालू लाईनवर काढायचा-घालायचा नाही, तो लोड तोडण्यासाठी बनवलेलाच नाही. आधी एमसीबी खाली.