शटडाऊन संपलं, इन्शुरन्सचं भांडण नाही

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुमच्याकडच्या बातम्यांत अमेरिकेचं सरकार बंद पडल्याचं दिसलं असेल. विमानं लेट, सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार अडकलेले वगैरे. मावशीने फोनवर विचारलं, अगं एवढं मोठं सरकार बंद कसं पडतं, पैसे संपले की काय? पैसे संपले नव्हते, संसदेत बजेट मंजूर होत नव्हतं. 43 दिवस चाललं ते, तोपर्यंतचं सगळ्यात लांबलेलं शटडाऊन, आणि अडलं होतं हेल्थ इन्शुरन्सच्या सबसिडीवर. मावशीला फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी इथली व्यवस्था समजून घ्या, कारण आपल्याकडे अनेकांना वाटतं की अमेरिकेत सगळ्यांना सरकारी इन्शुरन्स असतो. नसतो. वय 65 झालं की मेडिकेअर हा सरकारी इन्शुरन्स, तो 1965 पासून आहे. उत्पन्न अगदी कमी असेल तर मेडिकेड. आणि मधल्या बहुतेक लोकांना नोकरीतून इन्शुरन्स मिळतो. हे नोकरीचं प्रकरण दुसऱ्या महायुद्धात वाढलं, तेव्हा सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं होतं म्हणून कंपन्या माणसं टिकवायला पगाराऐवजी इन्शुरन्स द्यायला लागल्या, पुढे त्यावर टॅक्सची सूट मिळाली आणि ते कायमचं झालं. म्हणजे नोकरी गेली की इन्शुरन्स गेला. आपल्या एच-वन-बी व्हिसावाल्यांना हे चांगलंच माहितीये, ले-ऑफ झाला की नवीन नोकरीसाठी जास्तीत जास्त 60 दिवस, आणि जुना इन्शुरन्स चालू ठेवायचा तर 'कोब्रा' नावाची सोय आहे पण त्यात कंपनीचा हिस्साही आपणच भरायचा, वर दोन टक्के. पगार बंद असताना.

राहिले कोण? स्वतःचा धंदा करणारे, छोट्या दुकानात काम करणारे, ट्रक चालवणारे, साठीच्या आसपास नोकरी सुटलेले. 2010 च्या आधी बहुतेक राज्यांत या लोकांना इन्शुरन्स कंपनी सरळ नाही म्हणू शकायची. डायबेटिस आहे? नाही. कॅन्सर होऊन गेलाय? नाही. 23 मार्च 2010 ला ओबामांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने हे बंद केलं. आजार आहे म्हणून नाकारायचं नाही, मुलं 26 वर्षांची होईपर्यंत आईवडलांच्या पॉलिसीत राहू शकतात, राज्याराज्यात इन्शुरन्स विकत घ्यायचं मार्केटप्लेस (आमच्या पेन्सिल्व्हेनियाच्या मार्केटप्लेसचं नाव 'पेनी'), आणि उत्पन्न बघून प्रीमियममध्ये सरकारी मदत. रिपब्लिकन पक्षाच्या एकाही खासदाराने त्या कायद्याला मत दिलं नाही. तिथून जे भांडण सुरू झालं ते अजून चालूच आहे.

खरं तर प्रत्येकाने इन्शुरन्स घ्यायलाच हवा ही कल्पना 1989 मध्ये उजव्या विचारांच्या हेरिटेज फाउंडेशननेच मांडली होती आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 2006 साली ती अमलात आणली मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरनी. पण ओबामांनी तीच देशभर लागू केली आणि पक्षांच्या जागा पक्क्या झाल्या. 2012 मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 5 विरुद्ध 4 मतांनी कायदा वाचला, पण मेडिकेड वाढवून आणखी लोकांना द्यायचं की नाही हे राज्यांवर सोडलं गेलं, त्यामुळे टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या मोठ्या राज्यांनी ते आजवर वाढवलेलं नाही. 2015 ला पुन्हा कोर्ट. 2017 ला ट्रम्प आल्यावर कायदाच रद्द करायचा प्रयत्न, आणि जुलैमध्ये मध्यरात्रीनंतर सिनेटमध्ये (संसदेचं वरचं सभागृह) जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून तो एका मताने पाडला. मॅकेन रिपब्लिकन होते, ओबामांचा कायदा त्यांनाही पसंत नव्हता, पण पर्याय तयार नसताना मोडायचं हे त्यांना पटलं नाही. काही दिवसांपूर्वीच त्यांना मेंदूचा कॅन्सर निघाला होता. मला ते मत खूप मोठं वाटतं. 2021 ला पुन्हा कोर्ट, पुन्हा वाचला.

आता सबसिडी. मूळ कायद्यात मदतीला एक मर्यादा होती, दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंतच मदत, त्याच्या एक डॉलर वर गेलात की शून्य. 2021 मध्ये कोविडच्या काळात डेमोक्रॅट्सनी, म्हणजे ओबामांच्या पक्षाने, ही मर्यादा काढली आणि नियम केला की तुमच्या उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त प्रीमियम तुम्हाला भरावा लागणार नाही, बाकी सरकार भरेल. मार्केटप्लेसमधले लोक वाढत वाढत 2025 मध्ये सुमारे 2 कोटी 40 लाखांवर गेले. पण ही वाढीव मदत 2025 संपेपर्यंतच होती. ती पुढे चालू ठेवा, नाहीतर बजेटला मत देणार नाही असं डेमोक्रॅट म्हणाले, रिपब्लिकन म्हणाले आधी सरकार चालू करा मग बोलू, आणि 43 दिवस गेले. शेवटी काही डेमोक्रॅट फुटले, डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मतदान घेऊ एवढं आश्वासन मिळालं, मतदान झालं, लागणारी 60 मतं कुठल्याच बाजूला मिळाली नाहीत, आणि 1 जानेवारी 2026 ला वाढीव मदत संपली, चौपटीची जुनी मर्यादा परत आली.

आमच्या रस्त्यावर एक इलेक्ट्रिशियन राहतात, एकसष्टीचे, स्वतःची व्हॅन, बायको हिशोब बघते. दोघांचं मिळून वर्षाचं 86 हजार डॉलरच्या आसपास. दोन माणसांच्या घरासाठी 2026 ची मर्यादा 84,600. म्हणजे थोडक्यात वर. गेल्या वर्षीपर्यंत दोघांचे महिन्याला सहाशे डॉलर जायचे, या वर्षी त्याच प्लॅनचे दोन हजारांवर, कारण साठीतल्या माणसाला तरुणाच्या तिप्पटपर्यंत प्रीमियम लावायची कंपन्यांना परवानगी आहे आणि तो फरक आत्तापर्यंत सबसिडी झाकत होती. त्यांनी मग स्वस्तातला ब्राँझ प्लॅन घेतला, ज्यात पहिले काही हजार डॉलर खिशातूनच जाणार. त्यांचा गुडघा गेलाय, ऑपरेशन या वर्षी करायचं ठरलं होतं, ते आता 65 नंतर मेडिकेअर मिळेल तेव्हा करू म्हणतात. चार वर्षं तो माणूस शिड्या चढणार त्या गुडघ्यावर.

आणि ते स्वतः रिपब्लिकन आहेत, ट्रम्पना मत दिलंय. मी त्यांच्याशी बरेचदा बोलते आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. ते म्हणतात ही मदत माझ्या खात्यात येत नाही, थेट इन्शुरन्स कंपनीला जाते, मग कंपनीने भाव कमी का करावा? हॉस्पिटल एका एमआरआयचे इथे एक आणि पुढच्या गावात तिप्पट घेतं, त्याला कोणी विचारत नाही. खर्चही खराय, मदत कायमची करायची तर दहा वर्षांत साधारण 350 अब्ज डॉलर असा संसदेच्याच बजेट ऑफिसचा अंदाज आहे. सबसिडीने इलाज स्वस्त होत नाही हे मलाही मान्य. पण मग इलाज स्वस्त करायचा कायदा आणा आणि तो लागू होईपर्यंत मदत चालू ठेवा ना. 2010 पासून रिपब्लिकन पक्ष 'याहून चांगलं आणतो' म्हणतोय, आणि संपूर्ण पर्याय म्हणावा असा कायदा पंधरा वर्षांत मंजूर करून दाखवलेला नाही. आणि डेमोक्रॅट्सनी स्वतःच्या हातात सगळं असताना मदत तात्पुरती का ठेवली, खर्चाचा आकडा लहान दिसावा म्हणूनच ना? लोकांनी मात्र त्या मदतीच्या भरवशावर नोकऱ्या सोडल्या, दुकानं टाकली. माझा राग त्यावर आहे. माणूस धंदा सुरू करतो तो दोन वर्षांनी कोण निवडून येईल ते बघून करत नाही.

आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 ला आली, सरकार बदलल्यावर 2017 मध्ये ती महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. नाव बदललं, अडचणी भरपूर आहेत, हॉस्पिटलवाले टाळाटाळ करतात हेही ऐकते, पण नवीन सरकारने आधीच्याची म्हणून ती मोडून टाकली नाही. इथे बसून मला त्याची किंमत कळते.

आता ज्यांची मुलं इथे आहेत त्यांच्यासाठी महत्त्वाचं. ग्रीनकार्डवर येणाऱ्या आईवडलांना 65 पूर्ण असले तरी मेडिकेअर लगेच मिळत नाही, सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. मेडिकेडलाही बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची अट. मधल्या काळात बरेच आईबाबा मार्केटप्लेसचा प्लॅन घ्यायचे आणि भारतातली पेन्शन डॉलरमध्ये थोडीशीच दिसत असल्याने त्यांना चांगली सबसिडी बसायची. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्याने ते बदललंय. दारिद्र्यरेषेखालचं उत्पन्न असलेल्या अशा नव्या ग्रीनकार्डवाल्यांची मदत जानेवारी 2026 पासून बंद झाली. दोघांसाठी ती रेषा साधारण 21 हजार डॉलर आहे, महिना पन्नास हजार रुपये पेन्शन असली तरी वर्षाचे सातेक हजार डॉलरच होतात, म्हणजे बरेचसे त्यात येतात. आणि 2027 पासून एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना मार्केटप्लेसची सबसिडी मिळणारच नाही.

त्यामुळे आईबाबांना कायमचं आणायचा विचार असेल तर तिकिटाच्या आधी पूर्ण प्रीमियमचा भाव काढा, तुमच्या राज्याच्या मार्केटप्लेसवर वय आणि पिनकोड टाकला की दिसतो. तुमच्या टॅक्समध्ये त्यांना डिपेंडंट दाखवलं तर तुमचा पगार धरला जातो आणि हिशोब वेगळा होतो, तेव्हा दोन्ही प्रकारे करून बघा, जमल्यास टॅक्सवाल्याला विचारून. फक्त भेटायला येत असतील तर व्हिजिटर इन्शुरन्स घ्यायचा, पण त्यात आधीपासूनचा बीपी, शुगर, हृदयाचा त्रास बहुधा धरत नाहीत किंवा अगदी मर्यादित धरतात, ते कलम स्वतः वाचा. नोव्हेंबर 2026 मध्ये इथे संसदेच्या निवडणुका आहेत, नियम पुन्हा बदलू शकतात, बदलले की लिहीनच.