जीभ नसेल तर हुमण (आमची गोव्याची माशांची आमटी) कसं लागेल?

जन्मतःच जीभ नसलेली माणसं असतात. फार विरळा, पण असतात. डॉक्टर याला अ‍ॅग्लॉसिया म्हणतात. तोंडाच्या तळाशी कधी मुळाचा छोटा उंचवटा असतो, पुढचा भाग नाहीच. फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ आंत्वान द ज्यूसिए याने १७१८ साली पोर्तुगालमधल्या अशाच एका मुलीवर निबंध लिहिला: जिभेची कामं ही जिभेवाचून कशी निभावते? (तेव्हा गोव्यातल्या तिसवाडी-बार्देशावर राज्य त्याच पोर्तुगालचं, आमचं फोंडं मात्र अजून बाहेर.)

अशा माणसांना चवही कळते. चव टिपणाऱ्या कळ्या फक्त जिभेवर नसतात. टाळूच्या मागच्या मऊ भागावर, घशात, श्वासनलिकेवरच्या झाकणावरही असतात. टाळूचा निरोप मेंदूकडे नेणारी नस वेगळी, घशाची वेगळी.

मला हे करून बघायचंच होतं. आमसुलं कोमट पाण्यात कुस्करली, मीठ घातलं नाही. आरशासमोर आ करून चमच्याने जीभ खाली दाबली आणि त्या आगळात बुडवलेला कापूस पडजिभेच्या जरा अलीकडे टेकवला. आधी उमासा आला, मग जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाणी सुटलं. आंबट! लख्ख आंबट, आणि तेही थेट टाळूतून.

हुमणाचं तर बरंचसं काम नाकाचं. घास चावताना तिरफळाचा, खोबऱ्याचा वास घशामागून वर चढतो आणि आपण त्यालाच चव म्हणतो. मिरचीचा जाळ ही चवच नव्हे. ती उष्णतेची, दुखण्याची जाणीव, तोंडात कुठेही लागते. सर्दी झाली की बांगडा पुठ्ठ्यासारखा लागतो, तेव्हा जीभ तर ठणठणीत असते!

मावशीने नवी वरची कवळी लावल्यापासून "हुमणाक रूच ना गो" चालू आहे. कवळीने टाळू झाकली जाते, तिथे लागणारा ऊन-गारपणा आणि वाटलेल्या खोबऱ्याचा रवाळपणा जातो, तेवढी मजा कमी होणारच. मी तिला टाळू, घसा, नाक, सगळं साग्रसंगीत समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जीभ नसलेल्यांनाही कळलं असतं," ती म्हणाली, "की तू मीठ कमी घालतेस."