दहावा नंबर आणि बर्नलीचे तीन गडी

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या फुटबॉलपटूंची टीम मोबाइलवर बनवायची आणि मॅचमधल्या त्यांच्या कामगिरीवर पॉइंट मिळवायचे, हा खेळ म्हणजे फँटसी प्रीमियर लीग, एफपीएल. आम्ही त्यातला ड्राफ्ट खेळतो, म्हणजे आळीपाळीने एकेक गडी उचलायचा. ॲपने आमच्या ड्राफ्टचा क्रम लावला आणि माझा नंबर आला दहावा. आम्ही आहोतच दहा जण. 10 ऑगस्ट 2025 चा रविवार, नागपूरच्या प्रतापनगरातल्या मित्राची गच्चीवरची खोली, मधोमध तर्री-पोह्यांच्या प्लेटा आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पैशाचा खेळ नाही आमचा. मोसम संपल्यावर जो तळाला असेल त्याने सगळ्यांना पोहे खाऊ घालायचे, एवढीच शिक्षा. दोन वर्षांत एकदा मी ती भोगली आहे.

नेहमीच्या एफपीएलमध्ये हालँडसारखा गोल मारणारा स्टार सगळ्यांच्या टीमात असू शकतो. ड्राफ्टमध्ये तसं नाही, एकाने उचलला की बाकीच्यांचा त्याच्याशी संबंध संपला. त्यात क्रम सापासारखा वळतो, त्यामुळे मला दहावा आणि अकरावा गडी लागोपाठ मिळतो. मग अठरा नावं दुसऱ्यांनी नेताना बघत बसायचं आणि एकदम तिसाव्याला हात घालायचा.

आता हिशेब बघा. प्रत्येकाला 15 खेळाडू, म्हणजे दीडशे. क्लब वीस. दर क्लबामागे सात-आठ जण उचलले जाणारच. गोलकीपर प्रत्येकी दोन, म्हणजे वीस क्लबांचे वीसच्या वीस पहिले गोलकीपर संपणार. 'मी हरणाऱ्या टीमचे प्लेअर घेत नाही' हे दहा जणांच्या लीगमध्ये म्हणता येत नाही. मी गेल्या मोसमात म्हटलं होतं. इप्सविच 22 पॉइंटांवर खालच्या डिव्हिजनमध्ये गेली, मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि लियाम डेलॅपने तिथे 12 गोल मारले. पूर्ण टीमचे गोल 36! ज्याने त्याला शेवटी शेवटी उचलला होता, तो अजून मला 'काय डेलॅप' म्हणूनच हाक मारतो.

म्हणून यंदा चार रात्री बसून एकच दुबळा क्लब खरवडून काढायचा ठरवलं. बर्नली निवडली कारण तिचे आकडे फसवे होते. खालच्या डिव्हिजनमध्ये 46 मॅचमध्ये फक्त 16 गोल खाल्लेले, 100 पॉइंट घेऊन वर आलेली टीम. वाचून कुणालाही वाटेल, डिफेन्स उचला. पण 16 च्या वर गोल होऊ न देणारी माणसं उरली होती कुठे? गोलकीपर ट्रॅफर्ड मँचेस्टर सिटीला गेला, ईगन-रायली मार्सेला, आणि 18 गोल मारणारा ब्राउनहिल करार संपवून मोकळा. त्या आकड्यांवर मी काट मारली.

उरलं काय, तर कोण साठ मिनिटं नक्की खेळणार. साठ मिनिटांचे 2 पॉइंट, त्याआधी बाहेर गेला तर 1. दुबळ्या टीमात ही पहिली चाळणी. पुढची चाळणी मात्र मला मामाने दिली. मामा कामठीचा, तिथल्या मैदानांवर बॅक, म्हणजे बचावाला, खेळून गुडघे घालवलेला. मी लॅपटॉपवर काय करून राहिलो हे त्याने जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "राजा, पाहायचा तर हरणाऱ्या टीमचा बॅक पाहाय. जिंकणाऱ्याचा नुसता उभा राह्यते. हरणाऱ्याच्या अंगावर सारा गावचा बॉल येते."

मामाला एफपीएलचा नियम माहीत नव्हता, पण नियमात 2025-26 च्या मोसमापासून नेमकं तेच आलं होतं. डिफेंडरने एका मॅचमध्ये क्लिअरन्स (बॉल दूर मारणं), ब्लॉक (आडवं येणं), इंटरसेप्शन (पास मधेच काढणं) आणि टॅकल (बॉल हिसकावणं) मिळून दहाचा आकडा गाठला की 2 पॉइंट. टीम हरो की जिंको. गोलकीपरलाही दर तीन सेव्हमागे, म्हणजे अडवलेल्या शॉटमागे, 1 पॉइंट. उलट बाजूला दर दोन गोल खाल्ले की 1 वजा, हेही धरावं लागतं. कागदावर बर्नलीच्या मॅक्सिम एस्तेवच्या नावाभोवती गोल काढला: मधला बॅक, जागा पक्की, अंगावर काम भरपूर.

ड्राफ्टमध्ये त्याला 91 व्या नंबरवर घेतला तेव्हा खोलीत हशा पिकला. "काऊन बे, इतके लोक शिल्लक असून बर्नली?" हे विचारणाऱ्याने स्वतः नावावर भाळून बर्नलीचाच काइल वॉकर माझ्या कितीतरी आधी नेला होता, ते सोडा. 110 ला गोलकीपर डुब्राव्का घेतला. 111 ला घड्याळ धावत होतं, मनातले दोन्ही मिडफिल्डर गेले होते, तर घाईत जेडन अँथनीवर बोट ठेवलं. त्याच्यासाठी माझ्या कागदावर एक ओळसुद्धा नव्हती.

पहिल्या मॅचला टॉटनहॅमने तीन गोल घातले. ग्रुपवर दिवसभर तेच. मग 23 ऑगस्टला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी मारबतीची मिरवणूक बघून आलो आणि संध्याकाळी साडेसातला बर्नलीने संडरलंडला 2-0 हरवलं. अँथनीचा एक गोल, शिवाय क्लीन शीटचे, म्हणजे एकही गोल न खाल्ल्याचे, 4 एस्तेवला, 4 डुब्राव्काला. मी ग्रुपवर फक्त 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' लिहिलं.

लिव्हरपूलची मॅच मात्र अजून झोंबते. पूर्ण वेळ बर्नली दारात खाट टाकून बसल्यासारखी बसली होती, 0-0, दोन क्लीन शीट हातात. पंचाण्णवाव्या मिनिटाला हॅनिबलच्या हाताला बॉल लागला, सालाहने पेनल्टी मारली आणि माझे आठ पॉइंट एका किकमध्ये गेले.

27 सप्टेंबरला त्याहून वाईट झालं. नवरात्र होतं, बायको गरब्यात आणि मी मंडपाबाहेर तिची पर्स व चार जोड्यांच्या चपला सांभाळत मोबाइलवर सिटीची मॅच पाहत होतो. एस्तेवने ओनगोल केला, म्हणजे बॉल आपल्याच जाळ्यात घातला. होतं असं. अर्ध्या वेळानंतर त्यानेच दुसरा केला. एका ओनगोलचे 2 वजा, म्हणजे 4 तिथेच गेले, वर टीमने पाच खाल्ले त्याचे वेगळे. चार रात्री अभ्यास करून निवडलेला गडी! हरणाऱ्याच्या अंगावर सारा बॉल येते म्हटल्यावर कधी त्याला लागून आतही जाणार, एवढं मामाने सांगायला हवं होतं.

त्याच मॅचमध्ये बर्नलीचा एकुलता गोल अँथनीचा. सहा मॅचमध्ये टीमचे सहा गोल, त्यातले चार त्याचे. मिडफिल्डरच्या गोलाचे 5, म्हणजे नुसत्या गोलांचे वीस.

एस्तेवला मी सोडलेलं नाही, दहाचा हिशेब अजून त्याच्याच बाजूने आहे असं मला वाटतं. अँथनीसाठी मात्र दुसऱ्या दिवशी ट्रेडची, म्हणजे गड्यांच्या अदलाबदलीची, विनंती आली, त्या 'काऊन बे'वाल्याकडूनच. बदल्यात देऊन काय राहिला होता, तर काइल वॉकर. मी हो म्हटलं नाही, नाहीही दाबलं नाही. दसऱ्याला सोनं द्यायला घरी येणारच आहे तो.