मन्रो बीचचे तवाकी: जंगलात घरटं करणारे पेंग्विन

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, हास्ट गावाच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर मोएराकी तळं आहे. मन्रो बीचची पायवाट तिथूनच निघते. चालणं पाऊण तासाचं, सगळं ओल्या, दाट जंगलातून. रिमूची उंच झाडं, शेवाळलेली खोडं, डोक्यावर आलेले नेचे. तवाकी, म्हणजे फिओर्डलँड पेंग्विन, याच जंगलात मुळांखालच्या पोकळीत अंडी घालतात.

आम्ही सप्टेंबरअखेर, दुपार कलताना पोहोचलो. या दिवसांत नर घरट्यात पिल्लाजवळ असतो. पहिले दोन-तीन आठवडे तो पिल्लाला सोडत नाही, उपाशी राहतो. समुद्रातून खाणं आणायचं ते एकट्या मादीने. अंडी दोन, पण बहुतेक घरट्यांत एकच पिल्लू जगतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: पायवाट किनाऱ्यावर उघडते तिथेच, झाडीच्या कडेला बसा. पाण्याजवळ जाऊ नका. लाटेतून बाहेर आलेल्या मादीला वाळूवर माणूस दिसला की ती थबकते, कधी परत पाण्यात शिरते, आणि आत पिल्लू ताटकळतं. आम्हाला बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग एक मादी आली, खडकांवरून उड्या मारत, भुवयांचे पिवळे तुरे ओले, आणि सरळ झाडीत गेली. एवढंच दर्शन, पण त्यासाठी इतक्या लांब यावं असं मला वाटतं. घरटं शोधायला तिच्यामागे जंगलात मुळीच शिरू नका.

वाटेत कुठे लाकडी पेटी दिसली तर हात लावू नका. ते स्टोटसाठीचे, म्हणजे मुंगसासारख्या एका छोट्या प्राण्यासाठीचे, सापळे असतात. सशांचा बंदोबस्त म्हणून १८८० च्या दशकात आणलेला हा शिकारी प्राणी आता अंडी-पिल्लं मारतो.

जुलै ते नोव्हेंबर हाच काळ धरा. पिल्लं समुद्रात उतरली की मोठे पेंग्विनही दूर दक्षिणेकडे जातात; आठ-दहा आठवड्यांत काहींचा ७,००० किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. मग पिसं बदलायला परततात. त्या वेळी ते पाण्यात जाऊ शकत नाहीत, तेव्हा आणखी लांब राहा.

सँडफ्लाय, म्हणजे बारीक माश्या, फार चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. रेनकोट हवाच. पेट्रोल हास्टला किंवा फॉक्स ग्लेशियर गावात भरून घ्या. कुत्रा नेऊ नका. परतीला जंगलात लवकर अंधारतं, टॉर्च जवळ ठेवा.