ट्रॅक्सलर अखेर पावला

सहा महिने झाले ट्रॅक्सलर, म्हणजे बुद्धिबळात काळ्याने खेळायची एक धाडसी सुरुवात, घोकतोय. कालपर्यंत स्पर्धेतले चार डाव: तीन हार, एक बरोबरी. काल तिसऱ्या फेरीत भोपळा फुटला, म्हणून ही नोंद.

समोर बारा-तेरा वर्षांचा पोरगा, पांढरी त्याची. (ई४, एफ३ वगैरे ही पटावरच्या घरांची नावं; नुसतं घर म्हणजे प्याद्याची चाल.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५. शहाण्याने इथे डी५ करावं. मी उंट सी५! काकांना एफ७ दिसलंच नाही, असं पोराला वाटलं असणार; टपकन घोड्याने मारलं. माझा वजीर, हत्ती दोन्ही माऱ्यात.

उंटाने एफ२ मारून शह, राजाने उंट खाल्ला. घोड्याने ई४ मारून शह, राजा जी१. वजीर एच४. त्याने हावरेपणाने हत्ती खाल्ला असता तर एफ२ वर तिथेच मात. खरी चाल जी३. त्याने वजीर एफ१ केलं. हत्ती एफ८, डी३.

आजवर इथून पुढे मी दिसेल तो शह देत सुटायचो आणि आपटायचो. काल सात मिनिटं हात मांडीखाली दाबून बसलो. मग घोडा डी६. शह नाही, काही नाही, चक्क मागे. त्याने शह देत तो मारला, मी सी-प्याद्याने परत मारलं, आणि एफ-फाईल, म्हणजे एफचा उभा पट्टा, मोकळी झाली! त्याचा वजीर हत्तीच्या तोंडी. वजीर ई२, घोडा डी४. आता ई१ आणि एफ२ दोन्ही राखायला त्याचा वजीर डी२. तिथे गेल्यावर माझा वजीर जी४. त्याने सी३ करून घोड्याला हुसकावलं. घोडा एफ३ शह. पोराचा हात जी-प्याद्याकडे गेला आणि वरच थांबला. मागे राजा, समोर माझा वजीर, प्यादं पिन, हललं तर राजा उघडा. त्याने हार मानून घड्याळ थांबवलं.

कारेल ट्रॅक्सलरचा मूळ डाव १८९० चा, बोहेमियातल्या होस्टाउनचा. समोरच्या राइनिशने एफ२ वरचा उंट न खाता राजा ई२ वर काढला, तो फरफटत बी४ वर आला आणि सतराव्या चालीला सी-प्याद्याने मात! माणूस पेशाने धर्मगुरू होता म्हणे, पटावर मात्र दयामाया नाही.

डावानंतर पोराने या सुरुवातीचं नाव विचारलं, मी त्याच्या स्कोअरशीटवर लिहून दिलं. पट परत मांडून तो मिनिटभर बघत राहिला. "काका, मग एफ७ उंटानेच मारायचं होतं ना?"

हेच कोणाला सुचू नये म्हणून मी सहा महिने देव पाण्यात घालून बसलो होतो. पुढच्या वेळी हा समोर आला की निमूट डी५.